राउटर नवा, स्पीड मात्र जुनाच

खोक्यावर ‘एएक्स ३०००’ छापलेलं. घरात ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. नवा राउटर मोठ्या हौसेने लावला, मोबाईलवर स्पीड टेस्ट चालवली, तर आकडा ९४ च्या पुढे सरकायला तयार नाही. मग सगळे सल्ले सुरू होतात: राउटर बंद करून चालू कर, अँटेना वर कर, चॅनेल बदल, केबलवाल्याला फोन लाव, नाहीतर सरळ परत करून टाक. यातला एखादा सल्ला कधीमधी लागूही पडतो. पण ९४ हा आकडाच इतका बोलका आहे की त्याच्याकडे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथल्या तिथे होतं.

आधी खोक्यावरच्या ३००० चा हिशेब बघू. तो एका फोनला मिळणारा वेग नव्हे. राउटरमध्ये दोन रेडिओ असतात. २.४ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२ एमबीपीएस, या दोघांची बेरीज करून, वर थोडी गोलाई देऊन ३००० केलेले असतात. हे २४०२ गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल, म्हणजे हवेतली तेवढी रुंद वाट लागते आणि समोरचं उपकरणही तेवढं रुंद चॅनेल वापरू शकणारं हवं. दोन अँटेनांचा नेहमीचा वाय-फाय ६ फोन ८० मेगाहर्ट्झवर १२०१ ला थांबतो, वाय-फाय ५ वाला ८६६ ला. हे आकडेही हवेतल्या कच्च्या वेगाचे. आपली पाळी येण्याची वाट पाहणं, प्रत्येक खेपेची पोच घेणं, माहिती ज्या तुकड्यांत जाते त्या पाकिटांवरचे पत्ते, यात बराच भाग खर्ची पडतो. त्याच खोलीत बसून १२०१ च्या जोडणीवर पाच-सहाशे प्रत्यक्षात मिळाले तर राउटर चोख काम करतोय असं समजावं. म्हणजे सगळी वजावट केली तरी ३०० चा प्लॅन आरामात बसतो. मग ९४ का?

कारण बहुतेक वेळा हवेत नसून तारेत असतं. पहिली चाचणी तिथेच करायची. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. इथेही ९४ च आले, तर रात्रभर चॅनेल बदलत बसलात तरी काही फरक पडणार नाही. (ही टेस्ट घेताना लॅपटॉपची आणि केबलची कुवत गिगाबिटची आहे ना, एवढं बघून घ्यावं. नाहीतर निदान करणाराच आजारी, अशी गत व्हायची.)

लॅन केबलच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ बारीक रंगीत तारा दिसतात, दोन-दोनच्या पीळ दिलेल्या चार जोड्या. १९९५ साली ठरलेलं १०० एमबीपीएसचं इथरनेट त्यातल्या दोनच जोड्या वापरतं: पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी तार. १९९९ सालच्या गिगाबिट इथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात, प्रत्येक जोडीवरून २५०. आता समजा चौथी किंवा सातवी तार प्लगमध्ये नीट दाबली गेली नाही, किंवा दाराच्या फटीत केबल चेपून एक तार तुटली. अशा वेळी बहुतेक उपकरणं गिगाबिटचा नाद सोडून गुपचूप १०० वर उतरतात. दिवा लुकलुकत राहतो, नेट चालत राहतं, कुठे एरर नाही, तक्रार नाही. काही ठिकाणी तर केबल ओढणाऱ्यानेच चारच तारा प्लगमध्ये बसवलेल्या असतात. ५० चा प्लॅन होता तोवर त्याने कुणाचंच काही अडलं नव्हतं.

आणि १०० वर उतरल्यावर पुरे १०० का दिसत नाहीत, याचं गणित सोपं आहे. तारेवरून जाणारं एक पूर्ण पाकीट मधली मोकळी जागा धरून १५३८ बाइटांची जागा घेतं. त्यात आपला खरा माल १४६० बाइटांचाच असतो, बाकी सगळे पत्ते आणि तपासणीचे आकडे. १०० पैकी ९४-९५ हाती लागतात ते याच हिशेबाने. स्पीड टेस्ट नव्वद-पंचाण्णवच्या मध्ये भिंतीला टेकल्यासारखी थांबत असेल आणि तुमचा प्लॅन त्याहून मोठा असेल, तर कुठेतरी १०० चा दुवा आहे हे जवळजवळ नक्की. केबल बदला. नुसती केबल बदलून भागलं नाही, तर कंपनीने भिंतीवर ठोकलेल्या पांढऱ्या फायबरच्या डब्याच्या मागे बघा. अशा अनेक डब्यांना चार पोर्ट असले तरी गिगाबिटचं त्यातलं एकच असतं आणि उरलेली तीन १०० ची. राउटरची केबल चुकून त्यातल्या एकात गेली की झालं. खुद्द नव्या राउटरचीही खात्री करावी. ‘एसी १२००’ असं मिरवणारे आणि मागे सगळी पोर्ट १०० चीच असलेले राउटर बाजारात सर्रास मिळतात. त्या १२०० ला मग तसा काही अर्थ उरत नाही.

तार निर्दोष निघाली, लॅपटॉपवर २८०-२९० दिसले, तर पुढचा संशयित तोच पांढरा डबा. त्यातही वाय-फाय असतं, आणि नवा राउटर आल्यावर ते बंद करायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. फोनला जुनं नाव आणि पासवर्ड पाठ असतो, तो जुन्यालाच चिकटून बसतो. काही जण सोय म्हणून नव्या राउटरला जुनंच नाव आणि पासवर्ड देतात. मग कुठला फोन कुठे जोडलाय ते घरात कुणालाच सांगता येत नाही. वर दोन्ही डबे एकाच टेबलावर शेजारी शेजारी, लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलणार. डब्यातलं वाय-फाय बंद करणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. नेटवरच्या पत्त्यांची अदलाबदल दोनदा होणं, म्हणजे आधी डब्यात आणि मग राउटरमध्ये, याने वेग फारसा पडत नाही. गेम आणि सीसीटीव्ही मात्र अडखळतात. तेवढ्यासाठी डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे पत्ते न बदलता नेट नुसतं राउटरकडे सोडणारा) टाकायला केबलवाल्याला सांगावं लागतं, आणि मग लॉगिनचं नाव-पासवर्ड राउटरमध्ये भरावं लागतं. ते त्याच्याकडून आधीच लिहून घ्या.

आता हवेकडे वळू. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात १३ चॅनेल दाखवतात, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला साधारण २० मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच: १, ६ आणि ११. ठाण्या-पिंपरीतल्या कुठल्याही सोसायटीत फोनवर नेटवर्कांची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. ती सगळी या तीन चॅनेलांत कोंबलेली असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच, त्यातही २०१८ मध्ये सरकारने त्या पट्ट्याचा मोठा भाग खुला केला. म्हणून फोन आणि लॅपटॉप ५ वरच हवेत.

पण नवे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतात आणि कुठल्या पट्ट्यावर जायचं याचा शेवटचा निर्णय बहुतेक वेळा फोनच घेतो. तुम्ही लिफ्टमधून बाहेर पडता तेव्हा फोनला लांब पोचणारा २.४ आधी सापडतो, तो त्यावर जोडला जातो आणि सोफ्यावर येऊन बसल्यावरही तिथेच राहतो. जुन्या राउटरवर दोन वेगळी नावं होती, ५ चं नाव आपण हाताने निवडलं होतं, म्हणून ‘जुना बरा होता’ असं वाटतं. निदान होईपर्यंत तरी दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत. माझं मत विचाराल तर नंतरही तशीच ठेवावीत. ‘स्मार्ट’ नाव दिलेल्या सेटिंगवर माझा फारसा विश्वास नाही.

वेग कमी होण्यामागचं सगळ्यात गमतीचं कारण मात्र दुसऱ्याच्या संथपणात आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. आधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी असली तर बोलायचं. ग्रामसभेत एकच माईक असावा आणि प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायची मुभा असावी, तशातलाच हा प्रकार. नियम वाक्यांचा आहे, वेळेचा नाही. मग एखादे आजोबा एकेक शब्द तोलून बोलायला लागले की सगळी सभा खोळंबते. १५०० बाइटांचं पाकीट ६०० एमबीपीएसने गेलं तर २० मायक्रोसेकंद लागतात. तेच ६ एमबीपीएसने गेलं तर २ मिलिसेकंद, म्हणजे शंभरपट वेळ. लांबच्या खोलीत अडकलेला जुना टॅब किंवा जिन्यातला स्वस्त कॅमेरा वेगवान लॅपटॉपला आपल्या पायरीवर खाली ओढतो. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ साली हे मोजून दाखवलं होतं. नव्या पिढीच्या वाय-फायमध्ये एकाच वेळी अनेकांना थोडी थोडी जागा वाटून देण्याची सोय आली आहे, पण तिचा फायदा समोरची उपकरणंही त्या पिढीची असतील तेव्हाच. घरात सहा वर्षांपूर्वीचे फोन असतील तर नवा राउटर त्यांच्याशी त्यांच्याच जुन्या रीतीने बोलतो. कॅमेरे, स्मार्ट बल्ब, गीझरचा स्मार्ट प्लग अशी सगळी मंडळी २.४ वर पाठवा आणि ५ चा पट्टा कामाच्या यंत्रांसाठी राखून ठेवा.

एक सापळा सेटिंगमध्येच दडलेला असतो. घरातला जुना प्रिंटर नव्या राउटरला जोडेना, म्हणून कुणीतरी सुरक्षेचा पर्याय बदलून ‘टीकेआयपी’ निवडतं. ही पद्धत २००३ च्या सुमाराची, जुन्या कमकुवत कुलुपाला तात्पुरती डागडुजी म्हणून आलेली. वाय-फाय ४ आणि पुढच्या मानकांचे वाढीव वेग या पद्धतीसोबत वापरताच येत नाहीत, तशी मानकातच मनाई आहे. परिणाम असा की त्या जोडणीचा वेग ५४ वर येतो आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीसच हाती पडतात. ‘डब्ल्यूएमएम’ (आवाज-व्हिडिओला आधी वाट देणारी सोय) या पर्यायापुढची खूण काढून टाकली तरी हेच होतं. लॅपटॉपच्या वाय-फाय माहितीत जोडणीचा वेग बरोबर ५४ दिसत असेल, तर पहिल्यांदा इथे बघा. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए २ एईएस’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ वर ठेवा आणि प्रिंटरला केबल लावा. तसंच वेगाची वाटणी ठरवणाऱ्या ‘क्यूओएस’ सेटिंगमध्ये सुरुवातीला कुणी जुन्या प्लॅनचा आकडा भरून ठेवला असेल, तर राउटर इमानदारीने तेवढाच वेग देत राहतो.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क मधूनच गायब होत असेल तर त्यालाही कारण आहे. ५२ ते १४४ क्रमांकांची चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायची आहेत. त्यावर बसण्याआधी राउटरने निदान एक मिनिट गप्प राहून कानोसा घ्यायचा आणि रडारची चाहूल लागली की जागा सोडायची, असा नियम आहे. सी-बँड नावाच्या पट्ट्यातली हवामान रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं असं रडार आहे. विमानतळाजवळ किंवा अशा ठिकाणी राहत असाल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढची चॅनेल निवडून बघा.

राहिल्या भिंती. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ पेक्षा लवकर विरतात आणि भिंतीत जास्त शोषल्या जातात, म्हणून नवा राउटर हॉलमध्ये झकास आणि आतल्या खोलीत मरगळलेला वाटतो. आरसीसीचे खांब, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी हे सगळे वाटेतले अडथळे. आरशाच्या मागे धातूचा थर असतो हे आपण विसरतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या जाड भिंती आधीच कठीण, त्यात पावसाळ्यात ओल धरली की आणखी. पाणी या लहरी शोषून घेतं. टीव्ही युनिटच्या मागे, माळ्यावर किंवा चपलांच्या रॅकमध्ये राउटर लपवणं हा तर आपल्याकडचा आवडता उद्योग. फोनवर सिग्नल मोजणारं साधं ॲप टाका. त्यातला आकडा डीबीएम या एककात असतो: उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ८० म्हणजे त्या कोपऱ्यात काही खरं नाही. दर ३ अंकांनी शक्ती निम्मी होते, त्यामुळे राउटर चार फूट सरकवून ६ अंक मिळाले तरी ती चौपट आहे. राउटरला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर तीही काढून बघा. तिच्या केबलमधून सुटणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलं होतं.

आतल्या खोलीसाठी दुकानदार बहुधा रिपीटर सुचवतो. एकाच रेडिओचा स्वस्त रिपीटर प्रत्येक पाकीट एकदा ऐकतो आणि तेच पुन्हा त्याच चॅनेलवर बोलतो. हवेतला वेळ दुप्पट लागतो, वेग साधारण निम्म्यावर येतो. सिग्नलच्या काड्या मात्र पूर्ण दिसतात. त्यापेक्षा हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत एक कॅट ६ केबल न्या आणि तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय देण्यापुरता लावा. फेकून द्यायला काढलेला तो डबा इथे उत्तम चालतो. फक्त त्याचं चॅनेल नव्या राउटरपेक्षा वेगळं ठेवा. घराचं वायरिंग चालू असेल तर इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत एक केबल आत्ताच टाकून घ्या, लाईटच्या वायरच्या पाईपातून नाही, वेगळ्या पाईपातून. आणि प्लग बसवताना आठही तारा बसवायला सांगा, समोर उभं राहून.