वांशिक ओळख आणि पूर्वमध्ययुगीन पुरातत्त्व

थडग्यात किंवा उजाड वस्तीत सापडलेल्या वस्तूंवरून त्या वापरणारी माणसे फ्रँक होती, गॉथ होती की स्लाव (ही त्या काळच्या युरोपातल्या लोकसमूहांची नावे), हे ठरवता येते का, याविषयीचा पुरातत्त्वातला जुना वाद. तो मुख्यतः युरोपातल्या इ.स. ४०० ते ८०० या काळाभोवती फिरतो. पश्चिमेतली रोमन सत्ता ढासळत असताना ग्रंथांत नव्या लोकांची नावे गर्दीने येतात आणि जमिनीत नव्या तऱ्हेची दफने दिसू लागतात. एका यादीतले नाव दुसऱ्या यादीतल्या वस्तूला चिकटवण्याचा मोह त्यामुळे आवरत नाही.

मराठीत अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘वंश’ म्हटले की रक्त आणि पिढ्या डोळ्यांपुढे येतात, ‘जमात’ म्हटले की वेगळेच काही. त्या काळच्या लॅटिन लेखकांचा ‘गेन्स’ हा शब्दही जन्मावरून बनलेला होता. प्रत्यक्षात मात्र राजा, सैन्य, कायदा आणि दंतकथा यांनी बांधलेल्या जमावालाही तो लावला जाई. या नोंदीत ‘वांशिक ओळख’ म्हणजे लोकांनी स्वतःला लावलेले किंवा इतरांनी त्यांना चिकटवलेले समूहाचे नाव, एवढाच अर्थ घेतला आहे.

वस्तूंवरून लोक ओळखण्याच्या पद्धतीला रीतसर रूप दिले ते गुस्ताफ कोसिना (१८५८–१९३१) या जर्मन अभ्यासकाने. ठळक सीमा असलेला पुरातत्त्वीय प्रदेश म्हणजे ठरावीक लोकांचा किंवा टोळीचा प्रदेश, हे त्याचे सूत्र १९११ मधले. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडच्या सीमा ठरत असताना, १९१९ मध्ये, त्याने व्हिस्टुला नदीचे खोरे ही जर्मनांची प्राचीन मायभूमी असल्याचे पुस्तकच काढले. गंमत अशी, की त्याचाच पोलिश विद्यार्थी युझेफ कोस्तशेव्स्की याने गुरूचीच पद्धत वापरून तिथे स्लावांचा वारसा सिद्ध केला. एकाच मोजपट्टीने दोन उलट मापे निघाली, तरी मोजपट्टी तपासावी असे तेव्हा फार थोड्यांना वाटले. पुढे नाझी राजवटीने या विचारसरणीचा वापर केल्यावर कोसिनाचे नाव बदनाम झाले. पद्धत मात्र मागच्या दाराने चालू राहिली. नकाशांवर ‘अलामन थडगी’ आणि ‘पूर्व गॉथ फिबुला’ पुढेही छापले जात होते. (फिबुला म्हणजे झगा किंवा वस्त्र अडकवण्याची शोभेची पिन. या वादात तिच्याइतके ओझे दुसऱ्या कुठल्याच वस्तूने वाहिलेले नाही.)

या पद्धतीतला मूळ दोष चक्राकार युक्तिवादाचा. ग्रंथ सांगतो, अमुक ठिकाणी गॉथ होते. म्हणून तिथली पिन गॉथांची ठरते. मग तशीच पिन तिसरीकडे सापडली, की तिथेही गॉथ गेले होते असे लिहिले जाते आणि तेवढ्यावरून स्थलांतराचा बाण काढला जातो. उलट तपासणी केली की हे चक्र अडखळते. गॉथांच्या व्हिसिगॉथ या शाखेने ४१८ पासून ५०७ पर्यंत दक्षिण गॉलमध्ये (आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये) तुलूझ येथून राज्य केले, पण ज्यांना छातीठोकपणे गॉथिक म्हणावे अशी थडगी तिथे जवळजवळ सापडत नाहीत. उत्तर आफ्रिकेत कार्थेज शहर घेऊन शंभरेक वर्षे नांदलेल्या व्हँडल लोकांचीही तीच कथा. केवळ जमिनीवर भिस्त ठेवली असती, तर ही दोन राज्ये आपल्याला कळलीच नसती.

या वादाचा सगळा गुंता एकाच ठिकाणी पाहायचा तर बेल्जियममधल्या तूर्ने गावी जावे. २७ मे १६५३ रोजी तिथे चर्चजवळ खोदकाम करणाऱ्या गवंड्याला सोन्याचा साठा लागला. त्यातल्या अंगठीवर उलट्या अक्षरांत ‘किल्डेरिकी रेगिस’, म्हणजे ‘राजा किल्डेरिकची’, असे कोरलेले होते. पुढचा फ्रँक राजा क्लोव्हिस याचा हा बाप ४८१ किंवा ४८२ मध्ये वारला. थडग्यातला माणूस नावानिशी सापडावा, असे भाग्य या काळाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते. नाव मिळूनही प्रश्न सुटला का, ते पाहण्यासारखे आहे.

अंगठीवरच्या चित्रात राजाचे केस फ्रँक राजांच्या रिवाजाप्रमाणे खांद्यापर्यंत मोकळे आहेत, अंगावर मात्र रोमन सेनानीचा झगा आहे. झगा अडकवायची सोन्याची पिन साम्राज्याच्या बड्या अधिकाऱ्यांना मिळे त्या घाटाची. शंभराहून अधिक सोन्याची नाणी होती, ती बहुतेक कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांची. तलवारीची मूठ सोन्याच्या घरांत गार्नेटचे लाल खडे बसवून मढवलेली. ही कारागिरी भूमध्य समुद्रापासून डॅन्यूबपर्यंतच्या बड्या लोकांत प्रतिष्ठेची होती. या काळातल्या फ्रँक दागिन्यांतल्या गार्नेटांचे रासायनिक विश्लेषण झाले, तेव्हा बरेचसे खडे भारत आणि श्रीलंकेतून आल्याचे निष्पन्न झाले. शेजारी फेकून मारायची कुऱ्हाड होती, तिला मात्र फ्रँकांचे हत्यार मानतात. १९८० च्या दशकातल्या उत्खननात थडग्याच्या परिसरातच २१ घोडे पुरलेले खड्डे मिळाले. घोडे पुरण्याची चाल ऱ्हाईनच्या पूर्वेकडची, आणि किल्डेरिकची राणी बसीना तिकडच्याच थुरिंगियाची होती. तिच्या माहेरची रीत इथे आली असेल का? तसे म्हणता येईल, सिद्ध करता येणार नाही.

मग हा फ्रँक राजा की रोमन सेनाधिकारी? त्याच्या हयातीत हा प्रश्न कोणाला पडला असेल असे वाटत नाही. एकाच माणसाने दोन्ही पदे सांभाळली, आणि पुरणाऱ्यांनी दोन्ही मिरवली. पुरणारा बहुधा तरुण क्लोव्हिस. वारसा आपलाच आहे हे बघ्यांना पटवण्याची गरज त्यालाच होती. थडग्यातल्या सुमारे ३०० सोनेरी माश्यांची नक्षी नेपोलियनने मधमाश्या समजून १८०४ च्या राज्याभिषेकात मिरवली, म्हणजे वारसा सांगायला हे थडगे दुसऱ्यांदा कामी आले. १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून बहुतेक ऐवज चोरीला गेला आणि वितळवला गेला. दोन माश्या उरल्या आहेत.

१९६९ मध्ये नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी मांडले, की समूह टिकतो तो ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातल्या सीमेमुळे. सीमेच्या आत काय साठले आहे, ते बदलत राहते. इतिहासकार राइनहार्ड वेन्स्कुस आणि नंतर व्हिएन्नाच्या अभ्यासकांनी गॉथ, लोंबार्ड हे समूह वाटेत घडत-मोडत गेल्याचे दाखवले. पुरातत्त्वज्ञ सेबास्टियन ब्राथर यांनी तर २००४ मध्ये पुरातत्त्वाने वांशिक प्रश्नाच्या वाटेला जाऊच नये, या टोकापर्यंत बाजू नेली. हे टोक जरा जास्तच वाटते. इटलीचा गॉथ राजा थिओडोरिक म्हणत असे, की गरीब रोमन गॉथाची नक्कल करतो आणि सधन गॉथ रोमनाची. नक्कल होते, म्हणजे कोणती खूण कोणाची हे लोकांना कळत होते.

फक्त ती खूण कधी लावायची, हे प्रसंगावर ठरते. लग्नात फेटा बांधणारा सोमवारी कचेरीत बोडक्या डोक्याने जातो. त्याला फेट्यासह पुरले, तर हजार वर्षांनी लोक त्याला रोज फेटा घालणारा समजतील. त्यात मृत माणूस स्वतः सजत नाही, त्याला मागे राहिलेले सजवतात. पुरातत्त्वज्ञ हाइनरिख हेर्के यांनी इंग्लंडमधल्या शस्त्रांसह केलेल्या दफनांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत शस्त्र पेलणार नाही अशी मुलेही निघाली. अशा थडग्यातला भाला घराण्याची प्रतिष्ठा सांगतो. पुरलेला माणूस लढवय्या असेलच असे नाही, मग सॅक्सन, म्हणजे उत्तर समुद्रापलीकडून आलेल्यांपैकी, असणे दूरच.

गेल्या काही वर्षांत दातांतले स्ट्राँशियम (माणूस कुठे वाढला हे सुचवणारे मूलद्रव्य) आणि हाडांतला डीएनए यांनी वादाला नवी धार आणली. २०१८ मध्ये हंगेरीतल्या सोलाद आणि इटलीतल्या कोलेन्यो इथल्या, लोंबार्डांशी जोडल्या जाणाऱ्या दफनभूमींतल्या ६३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या कुटुंबांभोवती थडगी मांडलेली दिसली आणि उत्तरेकडच्या पूर्वजांच्या माणसांजवळ दफनवस्तू अधिक मिळाल्या. ब्राथर यांच्या टोकाच्या भूमिकेला हा धक्काच होता. २०२२ च्या इंग्लंडविषयीच्या मोठ्या अभ्यासात स्थलांतर भरपूर झाल्याचे दिसले: पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांचा सुमारे ७६ टक्के वारसा उत्तर समुद्रापलीकडचा निघाला. पण शस्त्रांसह पुरलेल्या पुरुषांत स्थानिक आणि बाहेरून आलेल्या पूर्वजांचे असा भेद दिसला नाही. जनुके पूर्वज सांगतात, माणूस स्वतःला काय म्हणवून घेई ते सांगत नाहीत.

इंग्लंडच्या केंटमधल्या अपडाउन इथल्या सातव्या शतकातल्या एका मुलीच्या डीएनएत जवळजवळ तिसरा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतल्या पूर्वजांचा निघाला. तिच्याजवळ भांडे, सुरी आणि कंगवा ठेवला होता, आसपासच्या इतर थडग्यांत असतो तसाच.