हृदयविकाराचा झटका : लक्षणे कशी ओळखावीत

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीत गुठळी अडकून पुढचा रक्तपुरवठा तुटला, की हृदयविकाराचा झटका किंवा हार्ट अटॅक येतो. धमनीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर फुटतो आणि त्या जागी रक्त गोठते. धमनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायूपेशी मरू लागतात आणि ६ ते १२ तासांत त्या भागातला बहुतेक स्नायू कायमचा जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जितके उपयोगी पडते तितके पुढे पडत नाही, आणि नेमके हेच तास ‘गॅस झालाय’ म्हणण्यात जातात.

रुग्ण ‘दुखतंय’ असे क्वचितच म्हणतो. छाती भरून आली, आवळल्यासारखी वाटते, कुणी दगड ठेवलाय, अशी त्याची भाषा असते. नेमके कुठे, असे विचारले तर तो बोट टेकवत नाही. छातीच्या मधोमध पंजा फिरवतो किंवा मूठ धरतो. हा दाब १५-२० मिनिटांहून जास्त टिकतो आणि कूस बदलून, पाणी पिऊन वा ढेकर देऊन जात नाही. हृदयाच्या आणि हाताच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर शिरत असल्याने मेंदूची गल्लत होते. म्हणून कळ डाव्या दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते. कधी दोन्ही हातांत, गळ्यात, खालच्या जबड्यात किंवा पाठीत जाते. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्यांत एखादा असा निघतो. सोबत दरदरून घाम सुटणे, मळमळ, दम लागणे, जीव घाबरा होणे. पंखा चालू असताना कपाळ गार आणि ओले लागत असेल, तर पित्ताची गोळी शोधत बसू नये.

फसगत सर्वाधिक होते ती हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात. तिथे दुखणे बेंबीच्या वर, पोटाच्या तोंडाशी असते, उलटी होते आणि नाडी मंदावते. घरात ओवा, सोडा, इनो असे एकेक उपाय सुरू होतात. ते घेऊन बरे वाटले, तरी झटका नाही असे सिद्ध होत नाही. जुना मधुमेह असेल तर नसा बधिर झाल्याने छातीत काहीच न दुखता नुसता दम किंवा गळाठा येतो. म्हाताऱ्या माणसांत घेरी वा गोंधळलेपण एवढेच दिसू शकते. स्त्रियांतही छातीतला दाब हेच मुख्य लक्षण असते; मात्र धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणे त्यांच्यात जास्त आढळते आणि ‘दगदग झाली’ म्हणून दुर्लक्षही जास्त होते.

काहींना आधीच इशारा मिळतो. जिना किंवा चढ चढताना छाती आवळते आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत मोकळी होते, हा अंजायना. तोच आता कमी श्रमात, वारंवार किंवा बसल्या जागी होऊ लागला, तर दवाखान्यात त्याच दिवशी जावे. उलट, सुई टोचल्यासारखी काही सेकंदांची कळ, किंवा एका बोटाने दाबल्यावर दुखणारी जागा, हृदयाची असण्याची शक्यता कमी; पण शून्य नव्हे.

शंका येताच १०८ ला फोन करावा. रुग्णाला टेकवून बसवावे. जिना उतरवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव किंवा अलीकडे मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यावे. गोळी चावली की औषध लवकर रक्तात उतरते. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्णांवर दिसले, की महिनाभर रोज घेतलेल्या एवढ्याशा गोळीने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, खालच्या भिंतीचा झटका असेल किंवा रुग्णाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतले असेल, तर ती गोळी दाब धोकादायक पातळीपर्यंत पाडते. जोरजोरात खोकल्याने झटका टळतो, हा फिरता संदेश खोटा आहे. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर हृदय थांबले असे धरून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.

रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणे चालू असेल तर घरी परतू नये. १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. दुखू लागल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेले नसू शकते.