ऑनलाइन लिलावातील फसवणूक

इंटरनेटवरील लिलावात अनोळखी विक्रेत्याने पैसे घेऊन वस्तूच न पाठवणे, मोडकी किंवा बनावट वस्तू गळ्यात मारणे, खोट्या बोली लावून किंमत चढवणे, किंवा तिसऱ्याच कोणी विक्रेत्याचे सोंग घेऊन पैसे लाटणे, या सर्वांना मिळून ऑनलाइन लिलावातील फसवणूक म्हणतात. प्रकार अनेक असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते : वस्तू हातात पडण्याआधी पैसे विक्रेत्याकडे पोहोचलेले असतात आणि मध्ये कोणी उभे नसते. त्यामुळे खरेदीदाराची खबरदारी म्हणजे विक्रेता ओळखण्याची कला जेवढी, त्याहून अधिक पैसा मध्ये कुठे थांबतो हे पाहण्याची सवय.

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. मराठवाडा-विदर्भाकडे त्याला हर्रास असेही म्हणतात. नाव काहीही असो, जुन्या लिलावात माल डोळ्यांपुढे असतो. लासलगावच्या कांदा बाजारात व्यापारी ट्रॉलीतला कांदा हाताने उकरून पाहतो, मग बोली लावतो. एवढे करूनही खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालून वेगळा माल निघाला तर वांधा होतोच, आणि तो मिटवायला बाजार समितीत वांधा समिती असते. पुण्याच्या जुन्या बाजारात घड्याळ निदान कानाला लावून पाहता येते. ऑनलाइन लिलावात यातले काहीच नाही. दिसतो तो फोटो, आणि तोही विक्रेत्याने निवडलेला.

विक्रेत्याची पत

पिअर ओमिड्यार याने सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे त्याचेच ईबे झाले. तिथे सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंत एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू मोडकी आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते. तो मोडके पॉइंटरच जमवत असे. खरे वर्णन केले तर मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक मिळते, ही या बाजाराची चांगली बाजू. वाईट बाजू लवकरच दिसू लागली. भांडणे सोडवत बसण्यापेक्षा लोकांनीच एकमेकांविषयी जाहीर अभिप्राय द्यावेत, अशी सोय ओमिड्यारने फेब्रुवारी १९९६ मध्ये केली. नावापुढे दिसणारी गुणसंख्या तेव्हापासूनची.

अशा सोयीची गरज का पडते, हे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९७० मध्ये, जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले होते. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारेच उरतात. या विचारासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अभिप्रायांची गुणसंख्या हे या दुखण्यावरचे औषध होते, आणि ते काही प्रमाणात लागूही पडले. पॉल रेझनिक हा संशोधक व त्याच्या सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकून एक प्रयोग केला. माल सारखाच, विक्रेताही तोच. फक्त काही कार्डे त्याच्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि काही नव्या कोऱ्या खात्यांवरून विकली. जुन्या खात्याला सुमारे ८.१ टक्के जास्त भाव मिळाला.

पण ज्या गोष्टीला भाव येतो तिची नक्कलही होते. एकेका सेंटची ई-पुस्तके शेकड्यांनी देवघेव करून दोघांनी एकमेकांना उत्तम शेरे द्यायचे, आणि शंभरी भरली की महागडे कॅमेरे मांडायचे, हा धंदा ईबेवर काही वर्षे उघड चालला. दुसरी अडचण भिडेची. खरेदीदाराने वाईट शेरा दिला तर विक्रेता उलट वाईट शेरा देई, म्हणून लोक गप्प बसत. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी नकारात्मक शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. तिसरी गोष्ट सर्वांत घातक : दहा वर्षांचे स्वच्छ खाते त्याच्या मालकाकडून पासवर्ड उकळून पळवले जाते. तिथे गुण खरेच असतात, माणूस बदललेला असतो.

म्हणून चांगल्या शेऱ्यांचा ‘९९ टक्के’ हा आकडा पाहून थांबणे पुरेसे नाही. गुण विक्रीतून मिळाले की नुसत्या खरेदीतून, गेल्या वर्षभरात काय विकले, आणि आज मांडलेली वस्तू त्या ओळीत बसते का, हे पाहावे लागते. तीन वर्षे लहान मुलांचे कपडे विकणारे खाते एकाएकी वीस लॅपटॉप मांडते तेव्हा ते खाते बहुधा पळवलेले असते. चांगले शेरे एकसारखेच असतात. वाचायचे ते वाईट शेरे, आणि त्यांना विक्रेत्याने दिलेली उत्तरे. उत्तरातली भाषा माणूस कसा आहे ते पुष्कळ सांगते.

बोलीतला खोटेपणा

ईबेच्या पद्धतीत खरेदीदार आपली कमाल किंमत गुप्तपणे नोंदवतो, आणि संगणक त्याच्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडीशीच चढी बोली लावत राहतो. पद्धत चांगली आहे, पण एका अटीवर : दुसरी बोली खरी असली पाहिजे. विक्रेत्यानेच दुसऱ्या खात्यावरून किंवा मित्राकरवी बोली लावली तर तो हळूहळू चढत खरेदीदाराची गुप्त मर्यादा चाचपू शकतो. गावच्या लिलावातही विक्रेत्याचे बगलबच्चे गर्दीत उभे राहून सवाल वाढवतात, पण तिथे चेहरे दिसतात.

याचे गाजलेले उदाहरण मे २००० मधले. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या एका वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून मांडले. वर्णन मुद्दाम अडाण्याचे होते : जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेले चित्र, घरातल्या मुलाने त्याला भोक पाडले, वगैरे. फोटोच्या कोपऱ्यात मात्र रिचर्ड डीबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराची वाटावीत अशी आद्याक्षरे दिसत होती. आपणच जाणकार आहोत आणि विक्रेत्याला कळलेले नाही, असे प्रत्येकाला वाटले, आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. पुढे उघड झाले की विक्रेत्याने स्वतःही बोली लावली होती, त्याचे साथीदार एकमेकांच्या मालावर बोली लावत होते, आणि आद्याक्षरे त्यानेच रंगवली होती. ईबेने सौदा रद्द केला. वकिलाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. इथे आमिष चित्राचे नव्हतेच. विक्रेता भोळा आहे हा समज हेच आमिष होते, आणि ते आजही तसेच वापरले जाते.

लिलाव हरल्यावरचा सापळाही ध्यानात ठेवावा. ‘पहिल्या बोलीदाराने माघार घेतली, वस्तू तुम्हाला तुमच्याच बोलीत मिळेल’ असा निरोप येतो. अशी दुसऱ्या संधीची सोय ईबेवर खरोखरच आहे, म्हणून निरोप खरा वाटतो. खरा असेल तर तो संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यातही दिसतो. फक्त ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर दिसत असेल तर तो विक्रेत्याचा नसतो.

पैसा कुठे थांबतो

मधल्या माणसाची जागा कोणी घ्यायची, यावर प्रत्येक देशात वेगळे उत्तर निघाले. अमेरिकेत ते पेपाल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेने व क्रेडिट कार्डाने दिले. ईबेने २००२ मध्ये पेपाल दीड अब्ज डॉलरला विकत घेतले. चीनमधील ताओबाओ हे खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झाले तेव्हा अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायला कोणी तयार नव्हते. खरेदीदाराने वस्तू मिळाल्याचे कळवीपर्यंत पैसे मधल्या मध्ये ठेवणारी अलीपे ही व्यवस्था त्यातूनच उभी राहिली. भारतात मुंबईची बाझी डॉट कॉम ही कंपनी २००४ मध्ये ईबेने घेतली, आणि तिच्या ‘पैसापे’ सोयीत पैसे असेच अडवून ठेवले जात. ईबेचे भारतातील संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. आज भारतात अनोळखी माणसांमधला जुन्या वस्तूंचा बराचसा व्यवहार वर्गीकृत जाहिरातींच्या ॲपवर आणि फेसबुकवर चालतो, आणि तिथे पैसे बहुधा थेट यूपीआयने जातात. मधला माणूस पुन्हा नाहीसा झाला आहे. सोय वाढली आणि संरक्षण घटले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

फसवणारा हे पक्के ओळखून असतो, म्हणून त्याचा पहिला प्रयत्न व्यवहार संकेतस्थळाबाहेर काढण्याचा असतो. ‘कमिशन वाचेल, थेट पाठवा, हजार रुपये कमी करतो.’ रुमानियातील रम्निकु व्हल्चा हे शहर अशा लिलाव-फसवणुकीसाठी जगभर कुप्रसिद्ध झाले. नसलेल्या मोटारी ईबेवर मांडायच्या, आणि पैसे वेस्टर्न युनियन या देशोदेशी पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत मागवायचे, म्हणजे ते दुसऱ्या देशात रोख उचलता येतात. अशा हस्तांतरांना आळा घालण्यात कसूर केल्याबद्दल वेस्टर्न युनियनने २०१७ मध्ये अमेरिकी सरकारला ५८.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. काही टोळ्यांनी तर ‘पैसे आमच्याकडे सुरक्षित ठेवा’ म्हणणारी मधल्या माणसाचीच खोटी संकेतस्थळे काढली. तेव्हा मधला माणूस आपण निवडावा, विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरचा नको. पेपालमध्येही ‘मित्र व नातेवाईक’ या सदराखाली पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही.

भारतातल्या प्रकाराला स्वतःचा रंग आहे. विक्रेता स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, बदली झाली म्हणून बुलेट किंवा फ्रिज स्वस्तात काढतोय असे सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. गाडी ‘लष्कराच्या पार्सलने’ निघाली की आधी वाहतुकीचे, मग विम्याचे, मग परत मिळणाऱ्या अनामतीचे पैसे मागितले जातात. गणवेशाबद्दलचा आदर इथे तारण म्हणून वापरला जातो. विकणाऱ्यालाही सोडत नाहीत : ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. व्यक्ती-व्यक्तींमध्ये यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली ती अशाच प्रकारांमुळे, क्यूआर कोडचा मार्ग मात्र उघडाच आहे.

वस्तू पारखणे

वर्णन शब्दन् शब्द वाचावे, हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण २०१३ च्या नाताळाआधी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या एका तरुणाने ईबेवर एक्सबॉक्स वन या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी ४५० पौंड मोजले आणि त्याला त्या यंत्राचा छापील फोटो आला. जाहिरातीत फोटो असेच लिहिले होते. त्याला पैसे परत मिळाले, कारण व्यवहार संकेतस्थळावरच झाला होता.

फोटो उलट शोधून, म्हणजे तोच शोधयंत्रात टाकून, तो दुसरीकडून उचललेला आहे का पाहता येते. त्याहून चांगली युक्ती म्हणजे वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागणे. वस्तू हातात असलेल्याला ते दोन मिनिटांचे काम असते. मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय हा ओळख क्रमांक घेऊन तो चोरीचा म्हणून अडवलेला नाही ना, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासावे.

जुन्या नाण्यांचा प्रांत मराठी संग्राहकांना जास्त जवळचा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली तांब्याची शिवराई आजही मिळते, पण त्याच मजकुराचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला भरपूर. ऑनलाइन ‘अस्सल होन’ दिसला तर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागावेत, आणि तेवढ्यावरही पैसे देऊ नयेत. जाणकाराने हातात घेऊन पाहिल्याशिवाय तो होन नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे परदेशातल्या मराठी खरेदीदारांनी लक्षात घ्यावे.

उलट प्रकारही आहे. ‘तुमचे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे लाखांत घेतो’ म्हणणारा नोंदणी शुल्क किंवा कर मागतो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे शुल्क मागितले जात असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही.

फसल्यावर

ईबेवर वस्तू मिळण्याच्या दिवसापासून, किंवा ती मिळायची होती त्या शेवटच्या दिवसापासून, ३० दिवसांत दावा करता येतो. मोटारी या हमीत येत नाहीत. मुदतीची कल्पना विक्रेत्यालाही असते. ‘कुरियर अडकलाय, आणखी आठवडा थांबा’ हे आर्जव कित्येकदा तेवढ्यासाठीच असते. पार्सलच्या मागोव्याचा (ट्रॅकिंगचा) क्रमांक ‘पोहोचले’ असे दाखवत असेल पण घरी काही आले नसेल, तर त्याच पिनकोडवर दुसऱ्याच कोणाला रिकामे पाकीट पाठवलेले असू शकते. डाक किंवा कुरियर कार्यालयाकडून वितरणाचा पूर्ण पत्ता मागावा. खोके उघडताना पावती-चिकटपट्टीपासून अखंड चित्रीकरण केलेले असले की वाद लवकर मिटतो.

भारतात पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते. फसवणुकीसाठी जुन्या दंडसंहितेच्या ४२० ऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे संकेतस्थळाने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. मात्र घरातली जुनी वस्तू एकदा विकणारा माणूस या नियमांत विक्रेता ठरत नाही. त्याच्याशी केलेल्या सौद्यात खरेदीदाराकडे उरतात ते संदेशांचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा रस्ता.