ब्रेकचा लाल इशारादिवा : न विझण्याची कारणे व निदान

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेषा, अशी या दिव्याची खूण मोटारीच्या डॅशबोर्डावर असते. चावी फिरवली की तो लागतो, कारण गाडी त्या वेळी दिव्याचीच तपासणी करत असते. इंजिन सुरू होऊन हँडब्रेक सोडला की तो विझला पाहिजे. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी ‘पी’ अक्षराचा निराळा दिवा असतो, पण अनेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक लागलेला असणे, टाकीतले ब्रेक ऑईल कमी होणे आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक फिरायचे थांबून घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेतला काही बिघाड या तिन्ही गोष्टी एकाच दिव्यावर दिसतात. त्यामुळे दिवा कशामुळे लागला हे शोधणे म्हणजेच निदान. नुसता दिवा विझवणे हे निदान नव्हे.

तारा तपासण्याआधी पेडल तपासावे. गाडी उभी असताना पेडल घट्ट लागते, की स्पंजासारखे दबते, की पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जाते? शेवटच्या दोन्ही स्थितींत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोचन करून न्यावी. पेडल नेहमीसारखे असेल तरच पुढचा शोध शांतपणे करता येतो.

हँडब्रेकपासून सुरुवात करणे सोपे. दांड्याच्या बुडाशी एक लहान स्विच असतो. दांडा पूर्ण खाली बसला की तो दाबला जाऊन दिव्याचे सर्किट तुटते. केबल जास्त ताणली गेली, दांडा एक दात वर राहिला किंवा सांडलेल्या चहाने स्विच चिकट झाला, तरी दिवा लागून राहतो. दांडा हाताने आणखी खाली दाबल्यावर दिवा विझला तर दोष इथेच आहे. मात्र केबल ताणलेली असेल तर मागचे लायनर, म्हणजे ब्रेकचे घासून चाक थांबवणारे अस्तर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासत असतात. थोडे अंतर चालवून मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात धरावा, एक बाजू जास्त गरम लागली की ते कळते.

यानंतर बॉनेटखालची ब्रेक ऑईलची टाकी. मेकॅनिक त्याला ऑईल म्हणतात, पण नेहमीचा डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचा द्रव ग्लायकॉलपासून बनतो, खनिज तेलापासून नव्हे. त्यात इंजिन ऑईलचा थोडा अंशही मिसळला तर रबरी सील फुगतात. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. अनेक गाड्यांत त्याच्यात चुंबक असतो, आणि पातळी खाली आली की तो तळाचा स्विच जोडून दिवा लावतो. वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा लुकलुकतो आणि सपाटीवर विझतो, तेव्हा पातळी अगदी काठावर आलेली असते.

पातळी कमी दिसली की बाटली उघडून ओतण्याची घाई होते. चूक इथेच होते. बंद नळ्यांतले ऑईल हवेत विरत नाही. गाडीत ते कमी व्हायला दोनच वाटा आहेत. पहिली वाट निरुपद्रवी. पुढच्या चाकाची चकती पकडणारे डिस्क पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातला, पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा ऑईल भरून काढते आणि टाकीतली पातळी खाली येते. म्हणजे पातळी उतरणे ही पॅड झिजल्याची साक्ष असते, आणि वरून ऑईल ओतणे म्हणजे ती साक्ष पुसून टाकणे. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की तेच जादा ऑईल टाकीतून ओसंडते आणि गाडीचा रंग खाते. म्हणून आधी पॅड पाहावेत. नव्या पॅडची जाडी साधारण १० मिलिमीटर असते. ती ३ मिलिमीटरवर आली की पॅड बदलायचे.

दुसरी वाट गळतीची. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली, तर ड्रममधला लायनर ढकलणारा व्हील सिलेंडर गळत असतो. आतल्या रबरी सीलचे किट बदलून तो दुरुस्त होतो, पण ऑईलने भिजलेले लायनर पुसून वापरू नयेत, ते पकडत नाहीत. पेडल दाबल्यावर नळ्यांत ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरचे मागचे सील गेले तर ऑईल बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, आत जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. आणखी एक जागा हमखास सुटते. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लच याच टाकीतून ऑईल घेतो, त्यामुळे क्लचचा सिलेंडर गळला तरी ब्रेकचा दिवा लागतो.

पातळी पूर्ण असून दिवा लागलाच असेल, तर टाकीवरचा कनेक्टर काढून पाहावा. बहुतेक साध्या जोडणीत दिवा विझला तर फ्लोट अडकला आहे किंवा त्याचा स्विच गेला आहे. विझला नाही तर दोष हँडब्रेकच्या स्विचमध्ये, तारेत किंवा त्यापलीकडे. लाल दिव्यासोबत बॅटरीचा दिवाही मंद पेटत असेल, तर काही गाड्यांत दोष अल्टरनेटरचा निघतो.

लाल दिव्याच्या जोडीला एबीएसचा पिवळा दिवाही लागला, तर प्रकरण वेगळे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे ही जोडी आता नेहमी दिसते. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण चाक लॉक होऊ नये म्हणून मिळणारी मदत बंद असते. दोन्ही दिवे एकत्र लागले की पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका तिथे खरा आहे. चिखलाने माखलेला चाकाचा सेन्सर, तुटलेली तार किंवा उडालेला फ्यूज हे ओळखायला गाडीतली दोषाची नोंद वाचणारा स्कॅनर लावावा. सेन्सर अंदाजाने बदलत बसण्यात पैसा जातो.

गळतीचे काम झाल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढलीच पाहिजे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो दाबण्यातच जातो.

या दिव्याला सगळे कळत नाही. मास्टर सिलेंडरमधले सील आतल्या आत सुटले तर पातळी तीच राहते आणि पेडल मात्र खाली जाते. ड्रममधल्या लायनरची झीजही टाकीत फारशी दिसत नाही. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. आंबोली किंवा वरंधा घाट खालच्या गिअरऐवजी सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले, तर जुने ऑईल कॅलिपरमध्ये उकळून वाफ होते, पेडल एकाएकी जमिनीला टेकते, आणि टाकीतला फ्लोट जागच्या जागी असल्याने लाल दिवा बहुधा लागतही नाही.