उंच वईचे वाद (इंग्लंड आणि वेल्स)

दोन घरांच्या हद्दीवर ओळीने लावलेली सदाहरित झाडे, म्हणजे वई किंवा झाडांचे कुंपण, वाढत जाऊन शेजाऱ्याचा उजेड आणि समोरचा देखावा अडवू लागली की उद्भवणारे वाद. तक्रार बहुधा देखाव्यावरून सुरू होते, पण इंग्लिश कायद्याने देखाव्याचा हक्क कधी मानलेला नाही. १६१० सालचा विल्यम आल्ड्रेडचा खटला खरे तर शेजारच्या डुकरांच्या दुर्गंधीचा होता. त्यातच न्यायालयाने सांगून ठेवले, की देखावा ही सुखाची बाब आहे, गरजेची नव्हे, आणि तो अडवला म्हणून दावा चालत नाही. वीस वर्षांच्या उपभोगाने मिळणारा उजेडाचा हक्क इमारतीच्या खिडक्यांपुरता. अंगण-बागेला तो नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यानेही मोकळ्या जमिनीवरील उजेड-वाऱ्याचा हक्क केवळ वहिवाटीने मिळत नाही असेच ठरवले आहे.

वाद पेटवला तो मुख्यतः लेलँडी सायप्रस या सदाहरित झाडाने. वेल्समधील लेटन हॉल येथे १८८८ मध्ये माँटेरे आणि नूटका या दोन सायप्रसांच्या संकरातून हे झाड निपजले. स्वस्त, दाट, वर्षाला सुमारे एक मीटर वाढणारे. आडोसा हवा असलेल्या छोट्या बागांत ते सर्रास लावले गेले. न छाटल्यास ते तीस मीटरपलीकडे जाते. दोन मीटरहून उंच भिंत बांधायची तर सहसा नियोजन परवानगी लागते, झाडांना मात्र ती लागत नाही. लोकांचा संताप या फटीतूनच आला आणि तो रास्त होता.

समाजविघातक वर्तन अधिनियम, २००३ च्या आठव्या भागाने ही फट काही अंशी बुजवली. ही तरतूद वेल्समध्ये २००४ अखेर आणि इंग्लंडमध्ये १ जून २००५ रोजी लागू झाली. किमान दोन सदाहरित किंवा निमसदाहरित झाडांची ओळ, दोन मीटरहून जास्त उंची आणि तिच्यामुळे उजेड किंवा वाट अडणे, असे असेल तर ती ‘उंच वई’. पानझडी झाडे यात येत नाहीत. तक्रारदाराने आधी शेजाऱ्याशी बोलून पाहिलेले असावे लागते. तसे नसेल तर स्थानिक कौन्सिल तक्रार फेटाळू शकते. ही अट चांगली आहे, कारण निकालानंतरही दोघांना त्याच हद्दीवर राहायचे असते. तक्रारीचे शुल्क बरेचदा तक्रारदारालाच भरावे लागते, हे मात्र खटकते.

तक्रार पटली तर कौन्सिल छाटणीची नोटीस काढते. वई दोन मीटरखाली आणा किंवा समूळ काढा, असे कौन्सिलला सांगता येत नाही. लेलँडी जुन्या, तपकिरी लाकडापर्यंत छाटली तर तिथून पुन्हा फुटत नाही, म्हणून किती कापायचे हे जपून ठरवावे लागते. नोटीस न पाळणे हा गुन्हा असून दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. कौन्सिल स्वतः छाटणी करून खर्चही वसूल करू शकते.

उत्तर आयर्लंडने २०११ मध्ये, तर स्कॉटलंडने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदे केले. स्कॉटिश कायद्यात पानझडी झाडेही येतात.