दवाखान्यात दाखल असलेल्या ज्येष्ठांना उठते-चालते ठेवण्याविषयी : नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

न्यूमोनिया झाला म्हणून स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेले आजोबा दहा-बारा दिवसांत बरे होतात, ताप जातो, खोकला कमी होतो, डिस्चार्जचा कागद हातात पडतो, आणि घरी नेताना मात्र त्यांना गाडीत बसवायला दोन माणसे लागतात. आजार बरा झाला, मग पाय कशाने गेले, असा प्रश्न घरची मंडळी आम्हाला विचारतात. कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत रुग्णांसाठी मदतनीस पुरवणे आणि वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तू भाड्याने देणे हा आमचा व्यवसाय आहे. आम्हाला येणारे बहुतेक फोन डिस्चार्जनंतरचे असतात. ते दाखल होण्याच्या दिवशीच यावेत, म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

पाय आजाराने कमी आणि पडून राहण्याने जास्त जातात. तालमींच्या या गावात ही गोष्ट समजावून सांगणे अवघड नाही, कारण मेहनत सुटली की पैलवानाच्या मांड्या किती लवकर उतरतात हे इथे सर्वांनी पाहिलेले आहे. वय झालेल्या शरीरात हीच झीज अधिक वेगाने होते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या, पूर्णपणे निरोगी अशा १२ जणांना दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. ही माणसे निरोगी होती आणि नीट जेवत होती. ज्याला ताप आहे, अन्न जात नाही आणि झोप लागत नाही, अशा पंचाहत्तरीच्या रुग्णाचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. शिवाय पडून राहिल्याने फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पोट साफ होत नाही, पोटऱ्यांमधील रक्ताचा प्रवाह मंदावून गुठळी होण्याचा धोका वाढतो, माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होऊ लागतात, आणि दिवस-रात्रीचे भान सुटून काही जण असंबद्ध बोलू लागतात.

हे कोणाच्या आळसामुळे होत नाही. हाताला सलाईन असते, लघवीची पिशवी कॉटला अडकवलेली असते, कॉट उंच असते आणि सिस्टरांच्या हाताखाली एकाच वेळी अनेक रुग्ण असतात. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने म्हणतो, “उठू नका, पडून राहा.” ही माया खरी असते, आणि ती मोडून काढणे आम्हाला सर्वांत कठीण जाते. अमेरिकेतील एका रुग्णालयात ४५ वृद्ध रुग्णांच्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा पूर्वी चालता येत असूनही ते सरासरी ८३ टक्के वेळ आडवेच होते असे दिसले. याउलट स्पेनमधील पाम्प्लोना येथे ७५ वर्षांवरील ३७० रुग्णांचा अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांच्याकडून दिवसातून दोनदा सुमारे वीस मिनिटे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, ते नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा चालण्यात आणि तोल सांभाळण्यात स्पष्टपणे सरस स्थितीत घरी गेले, आणि व्यायामामुळे कोणाला अपाय झाल्याचे आढळले नाही. आपल्याकडे रुग्णाजवळ घरचे माणूस बहुधा चोवीस तास बसलेले असते. आमच्या मते ही मोठी जमेची बाजू आहे, फक्त त्या माणसाने काय करायचे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांना “कसे आहेत?” एवढेच विचारून थांबू नये. यांना आज कॉटच्या कडेला बसवू का, खुर्चीत बसवू का, संडासला धरून चालवत नेऊ का, आणि हाडाचे ऑपरेशन झाले असल्यास कोणत्या पायावर किती भार द्यायचा, हे स्पष्ट विचारावे. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात हे पाहून अनेक नातेवाईक घाबरतात. जगभरात आता हीच पद्धत योग्य मानली जाते, फक्त ते काम फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली सुरू व्हावे. लघवीची नळी आणि सलाईन यांची आजही गरज आहे का, हेही रोज विचारावे. गरज संपलेली नळी रुग्णाला विनाकारण कॉटला जखडून ठेवते.

उठवताना घाई करू नये. आधी पलंगावरच पावले वर-खाली हलवायला सांगावीत, मग कुशीवर वळवून पाय खाली सोडून बसवावे आणि दोन-तीन मिनिटे तसेच बसू द्यावे. बरेच दिवस आडवे राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उभे राहताच उतरू शकतो, आणि वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून पहिल्यांदा उभे करताना सिस्टरांना रक्तदाब मोजायला सांगणे चांगले. रुग्णाला काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नये. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा तर अशा ओढण्याने कायमचा दुखावू शकतो. छातीत दुखणे, जास्त धाप, चक्कर, दरदरून घाम, किंवा एकाच पोटरीला नव्याने आलेली सूज आणि वेदना, यांपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबावे आणि सिस्टरांना सांगावे.

चालण्याइतकाच, किंबहुना त्याहून उपयोगी, असा एक व्यायाम आहे. खुर्चीतून उठणे आणि पुन्हा सावकाश बसणे, म्हणजे तालमीतल्या बैठकीचाच हा सोपा प्रकार आहे. मांडीचे जे स्नायू यात वापरले जातात, तेच संडासवरून उठायला आणि उंबरा ओलांडायला लागतात. सुरुवातीला खुर्चीच्या हातांना धरून तीन-चार वेळा, दम पाहून दिवसातून दोन-तीनदा, एवढे पुरे आहे. आजोबांना “व्यायाम करा” म्हटले की ते नको म्हणतात, पण “दोन बैठका मारा” म्हटल्यावर हसून उठतात, हा आमच्या मदतनिसांचा अनुभव आहे.

बाकीचे काम दिवसाच्या क्रमात आपोआप बसते. डबा आला की जेवण कॉटवर न देता खुर्चीत बसवून द्यावे, शक्य असेल तेथे बेडपॅन किंवा डायपरऐवजी धरून संडासपर्यंत न्यावे, आणि चष्मा, कवळी, कानाचे यंत्र घरी ठेवू नये. पातळ पेजेवर दिवस काढल्याने स्नायू भरून येत नाहीत. दूध, अंडी, मऊ शिजवलेली डाळ किंवा मटकीची उसळ रोजच्या जेवणात असावी, मात्र मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पायात मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल हवी. कोल्हापुरी कितीही सवयीची असली तरी वॉर्डच्या गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ सरकतो.

आमचा मदतनीस ही सर्व कामे डॉक्टरांच्या सूचनेनुसार करतो. तो औषधे देत नाही, नळ्या काढत-घालत नाही आणि परवानगी नसलेल्या रुग्णाला कितीही आग्रह झाला तरी उभे करत नाही. वॉकर भाड्याने देताना आम्ही रुग्णाला उभे करून माप घेतो. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ यावी लागते, आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या वॉकरमध्ये हीच गोष्ट बहुधा चुकलेली असते. फोन करताना रुग्णाचे वय, अंदाजे वजन, आजार किंवा ऑपरेशन, दाखल होण्यापूर्वी ते कुठपर्यंत चालत होते, आणि घरी संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड आहे, एवढे सांगावे. यातील शेवटच्या दोन गोष्टींवरून डिस्चार्जपर्यंत त्यांच्याकडून काय करून घ्यायला हवे, हे आम्हाला ठरवता येते.