धुराड्याचं तापमान, क्रिओसोट आणि १९८८ची सूट

१९७३ आणि १९७९ च्या तेलदरवाढीनंतर अमेरिकेच्या उत्तर भागात लाकूड पुन्हा घर तापवू लागलं. अंगणातली पाणभट्टी, म्हणजे घराबाहेर लाकूड जाळून घरासाठी पाणी तापवणारी भट्टी, १९८० च्या दशकात आली. राख, धूर आणि आगीची भीती घराबाहेर. गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून आत. मोठे ओंडके दिवसातून एकदोनदा टाकले की झालं, हे तिचं खरं आकर्षण.

क्रिओसोटचं, म्हणजे धुराड्यात साचणाऱ्या ज्वलनशील डांबरी थराचं, मूळही याच सोयीत आहे. जाळकोठीभोवती पाणी असल्याने तिच्या पोलादी भिंती जेमतेम पाण्याइतक्याच, म्हणजे ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअस तापतात. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की हवेची झडप मिटते आणि लाकूड तासन्‌तास नुसतं धुमसतं. धुरातली डांबरी वाफ साधारण १२० अंशांखाली थंड पृष्ठभागावर चिकटू लागते, आणि आखूड पोलादी धुराड्यात ती मर्यादा लगेच गाठली जाते. कडाक्याच्या थंडीपेक्षा शरद आणि वसंतात थर जास्त साचतो, कारण तेव्हा भट्टी बहुतेक वेळ मिटलेलीच असते. ओल्या लाकडावर सगळं खापर फोडण्याची पद्धत आहे. वीस टक्क्यांहून जास्त ओलावा घातकच, पण कोरडं लाकूडही हवेविना धुमसतंच.

मग हा आराखडा इतकी वर्षं टिकला कसा? १९८८ मध्ये लाकडी शेगड्यांसाठी देशव्यापी प्रदूषण-मर्यादा आल्या, तेव्हा व्याख्या अशी आखली गेली: जाळकोठी ०.५७ घनमीटरपेक्षा लहान, वजन ८०० किलोपर्यंत, किमान ज्वलनवेग ताशी ५ किलोच्या आत. बॉयलर आणि फर्नेस तर नाव घेऊन वगळले. त्या वेळी बाजारात अशा भट्ट्या थोड्याच होत्या. नियम दिवाणखान्यातल्या शेगडीचा विचार करून लिहिला गेला, हे समजण्यासारखं आहे. पण परिणाम एकतर्फी झाला. घरातल्या शेगडीला धूर जाळण्यासाठी उत्प्रेरक किंवा दुय्यम हवेची सोय बसवावी लागली, तर बाहेरच्या भट्टीला झडप मिटून धुमसण्याची मुभा राहिली. आग घरापासून लांब आहे, हा उत्पादकांचा युक्तिवाद मालकापुरता खरा होता, शेजाऱ्यापुरता नाही. व्हरमाँट राज्याने १९९७ मध्ये शेजारच्या घरापासून २०० फूट अंतराची अट घातली. म्हणजे धूर कमी करण्याऐवजी लांब नेला.

२००७ मध्ये केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने (ईपीए) अशा भट्ट्यांसाठी ऐच्छिक कार्यक्रम आणला. सक्ती व्हायला २०१५ उजाडलं: दर दहा लाख बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णतेमागे धुरातले कण ०.३२ पौंडांपर्यंत, आणि मे २०२० पासून ०.१०. दुसऱ्या टप्प्यावरून बराच वाद झाला, कारण तो गाठायला झडपेत फेरफार पुरत नव्हता. उष्णतारोधक विटांचा कक्ष हवा, जिथे धूर हजार अंशांच्या आसपास जळतो आणि मग पाण्याला उष्णता देतो.

इथे धुराड्यावरच्या तापमापीचा अर्थच बदलला. जुन्या भट्टीत कमी आकडा म्हणजे डांबर साचण्याची सूचना. नव्या भट्टीत दीडशे-दोनशे अंश म्हणजे उष्णता पाण्यात गेली, आणि धुरात चिकटण्यासारखं फारसं उरलं नाही. तीही दीर्घकाळ मिटून ठेवली तर कक्ष थंडावतो आणि जुनीच गत होते. म्हणूनच तिला गरम पाण्याची साठवणटाकी जोडतात, म्हणजे भट्टी एकदा भरधाव जळून शांत होऊ शकते. केंद्रीय मर्यादा मात्र नव्या भट्ट्यांनाच लागू आहेत. आधी बसवलेल्यांचं काय करायचं, ते राज्यांवर सोडलेलं आहे.